लोकगीत आणि त्याचा श्रोता

लोकसंगीताच्या संग्रहाचा विचार मराठीत बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे : काय जमविले? गीते किती मिळाली, कोणत्या बोलीत मिळाली, त्यांतून कोणती कुलदैवते, कोणते नातेसंबंध आणि कोणते आचार दिसतात, याची मोजदाद आपल्या अभ्यासकांनी मोठ्या निष्ठेने केली आहे. या मोजदादीत एक गोष्ट मात्र मागे राहते. जे गीत कागदावर किंवा ध्वनिफितीवर आले ते मुळात कोणाच्या कानांसाठी होते, आणि संग्राहक तेथे येऊन बसल्यामुळे त्या कानांच्या जागी दुसरे कोणते कान आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लोकगीतात श्रोता हा गीताबाहेरचा माणूस नसतो. गीताच्या घडणीतच त्याची जागा आखलेली असते. ती जागा बदलली म्हणजे शब्द तेच राहिले तरी गीत दुसरे होते. जगभरची लोकगीते शोधून ती जगभर पोहोचविण्याचा उद्योग गेल्या शंभर वर्षांत फार वाढला. त्या उद्योगाचे मूल्यमापन याच एका कसोटीवर करून पाहण्यासारखे आहे.

या विचाराला भिलाईइतके अनुकूल ठिकाण सहसा सापडणार नाही. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या प्रदेशात क्रमांकांनी ओळखली जाणारी नगरवसाहत वाढली. तिच्यातील सेक्टर 2 ही एक साधी वस्ती आहे : कारखान्याची निवासस्थाने, भिलाई विद्यालय, मल्याळी मंडळींचे अय्यप्पाचे मंदिर, बिहारकडील कुटुंबे छठपूजेसाठी जमतात तो तलाव. नोकरीच्या निमित्ताने आलेल्या तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी आणि इतर अनेक भाषिकांनी ही नगरी भरली. अशा वस्तीत लोकगीतांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती एकमेकांची गीते कळणाऱ्या श्रोत्यांची. तलावाच्या पाण्यात उभ्या राहून छठीची गाणी म्हणणाऱ्या स्त्रियांना शेजारच्या बिऱ्हाडातील तेलुगू किंवा मराठी कुटुंबाने ती ऐकावी अशी अपेक्षाच नसते. ती गाणी सूर्याला आणि छठीमातेला उद्देशून असतात, आणि मावळत्या व उगवत्या सूर्यासमोर त्यांचे काम पुरे होते. काठावरचा परभाषिक ती ऐकतो खरा, पण तो त्या गीताचा श्रोता नव्हे.

याच वसाहतीच्या सभोवार, काही कोसांच्या आत, छत्तीसगढी बोलणारी गावे आहेत. तीजनबाईंचे गनियारी आणि पूनाराम निषाद यांचे रिंगनी ही त्यांपैकीच. या गावांतून आलेली पंडवानी मात्र परक्यांच्या सभेत उभी राहू शकली. नगरीतील परप्रांतीयांपुढे उभी राहिली, दिल्लीत उभी राहिली, आणि युरोप-जपानच्या रंगमंचांवरही. पंडवानीच्या जागतिक प्रवासाविषयी लिहिताना तिचा पहिला परका श्रोता पॅरिसमध्ये भेटला असे गृहीत धरले जाते. वस्तुतः तो त्याच्या कितीतरी आधी पोलादनगरीच्या निवासस्थानांत राहावयास आला होता. छठगीत तलावाच्या काठीच राहिले आणि पंडवानी जगभर फिरली, याचे कारण पहिले उणे व दुसरी अधिक असे नाही. ते दोहोंच्या घडणीत आहे.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. तिचा नायक बहुधा भीम. मुख्य गायक हाती तंबुरा आणि करताल घेऊन कथा गातो, बोलतो आणि अभिनयाने दाखवितो. हार्मोनियम, तबला, ढोलक, मंजिरा यांची साथ मागे असते. परंतु या मेळाव्यातील खरा मर्माचा माणूस रागी हा होय. गायकाने ओळ टाकली की तो ती उचलतो, कथेचा दुवा आला की 'हां' भरतो, मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, थट्टा करतो, पुराणातल्या प्रसंगाला गावातल्या कालच्या भांडणाची जोड देतो. साथीदार म्हणून त्याची नोंद करणे अपुरे आहे. रागी हा रंगमंचावर बसविलेला श्रोता आहे. छत्तीसगढीत कथा ऐकणाऱ्याने देत राहावयाच्या प्रतिसादाला 'हुंकारू' म्हणतात. हुंकारू थांबला की सांगणाराही थांबतो. पंडवानीने या घरगुती संकेताला एक स्वतंत्र पात्र दिले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. शाहिराच्या मागे उभे राहणारे झीलकरी 'जी जी'चा सूर धरतात तेव्हा ते केवळ सूर भरीत नाहीत, तर सभेच्या वतीने संमती देतात. गोंधळात नाईकाला मध्येच अडवून शंका विचारणारा साथीदार हा तर रागीचा सख्खा भाऊच. नारदीय कीर्तनात मात्र ही जागा हळूहळू बुवांनी स्वतःकडेच ओढून घेतली असे दिसते. श्रोत्याचा प्रश्नही बुवाच विचारतात आणि उत्तरही तेच देतात. असो. मुद्दा इतकाच की काही लोककला आपला श्रोता बरोबर घेऊन हिंडतात आणि काहींचा श्रोता जागेला बांधलेला असतो. पंडवानी पहिल्या जातीची आहे. समोर बसलेल्या हजारांपैकी एकालाही छत्तीसगढी कळत नसली, तरी कळणारा एकजण रंगमंचावर हजर असतो. गायिका त्याला सांगते आणि इतर जण ते सांगणे पाहतात. परदेशी प्रेक्षकाला पंडवानी 'कळते' असे जे म्हटले जाते त्याचा खरा अर्थ हा आहे की त्याला एक कळणारा माणूस दिसतो.

1956 साली जन्मलेल्या आणि आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्या तोंडून महाभारत ऐकून शिकलेल्या तीजनबाईंची वाटचाल या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. त्यांनी तेराव्या वर्षाच्या सुमारास चंद्रखुरी गावी दहा रुपये बिदागीवर पहिला कार्यक्रम केला, हे त्यांच्या प्रत्येक परिचयात येते. स्त्रियांनी बसून गावे असा रिवाज असता त्या उभ्या राहिल्या आणि यासाठी त्यांना समाजाचा बहिष्कार सोसावा लागला, हेही येते. बसून, सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेऊन गाणारी ती वेदमती शाखा. उभे राहून, स्मरणाच्या बळावर कथा वाढवीत जाणारी ती कापालिक. ही विभागणी पंडितांनी जितकी काटेकोर करून ठेविली आहे तितकी ती गायकांच्या व्यवहारात असेलच असे नाही. झाडूराम देवांगन यांच्यासारख्या ज्येष्ठ वेदमती गायकाच्या ठायी पाठ आणि प्रतिभा यांची सीमारेषा दाखविणे अवघडच होते. तथापि उभे राहण्याने एक गोष्ट निश्चित बदलली. बसलेली गायिका कानांसाठी गाते, उभी राहिलेली डोळ्यांसाठीही. तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य, कधी रथ. ज्यांना शब्द कळत नव्हते त्यांच्यासाठी कलेचे दार नेमके येथे उघडले. गावातील पुरुषी रिवाजाविरुद्ध केलेले बंड आणि परक्या श्रोत्याकडे नेणारी वाट या दोन गोष्टी एकाच हालचालीत घडल्या, हा योगायोग विलक्षण आहे.

तीजनबाईंचा 'शोध' हबीब तनवीर यांनी लावला असे सांगण्याची पद्धत आहे. शोध या शब्दाबद्दल येथे थोडे थांबले पाहिजे. ज्या गायिकेला तिचा मुलूख ओळखत होता तिचा शोध लागला तो दिल्लीला. तनवीर स्वतः रायपूरचे. 1959 साली त्यांनी 'नया थिएटर' स्थापिले आणि नाचा या लोकनाट्याचे कलावंत नागर रंगभूमीवर आणले. आरंभी त्या कलावंतांची प्रयोगात कुचंबणा होई. आपल्या नटांना हिंदी बोलावयास लावणे ही त्या कुचंबणेची एक जड बाजू आहे हे तनवीरांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी त्यांना छत्तीसगढीतच बोलू दिले. 1975 चे 'चरणदास चोर' या निर्णयाचे फळ होय. 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात ते गौरविले गेले ते छत्तीसगढी बोलीसकट. प्रेक्षकाला कळावे म्हणून बोली सोडली असती तर कळण्यासारखे काही उरलेच नसते. संग्राहकांच्या आणि आयोजकांच्या लांबलचक परंपरेत ही समज फार थोड्यांना आली.

पण या प्रवासात काही गमावले नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गावातील पंडवानी रात्रीमागून रात्री चालू शकते. रंगमंचाला दीड-दोन तास हवे असतात. त्यामुळे दुःशासनवध, द्रौपदीचे चीरहरण, भीष्मार्जुनांचे युद्ध असे, ज्यांत हालचाल आहे आणि ज्यांची कथा सर्वत्र ठाऊक आहे असे, प्रसंग पुनःपुन्हा पुढे येतात. वनपर्वातील रेंगाळणे, आडकथा, पांडवांना छत्तीसगढच्या रानात आणि शेतात फिरविणारे स्थानिक तपशील मागे पडतात. रागीच्या थट्टेला सर्वांत आधी कात्री लागते, कारण ती भाषांतरात टिकत नाही. चित्रफितीत तर तो चौकटीच्या कडेला जातो. उंचावलेला तंबुरा आणि गायिकेचा चेहरा एवढेच चित्र जगाच्या स्मरणात राहिले. संगीत नाटक अकादमीचा 1995 चा पुरस्कार, 2018 चा फुकुओका पुरस्कार, 2019 चे पद्मविभूषण हे सारे मान एका व्यक्तीच्या नावे आहेत, आणि ते यथायोग्य आहेत. परंतु या कीर्तीच्या इतिहासात कोणत्या रागीचे नाव सर्वतोमुखी झाले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ज्याच्यामुळे गीत देशोदेशी नेता आले तोच त्या कीर्तीत अदृश्य झाला.

संग्राहकाला रागीची ही जागा घेता येते काय? युगोस्लाव्हियातील प्रसिद्ध उदाहरण येथे उपयोगी पडते. होमरच्या रचनेचे रहस्य शोधीत मिल्मन पॅरी 1933 ते 1935 या काळात तेथील वीरगीते जमवीत होता. 1935 साली बिएलो पोल्ये येथे अवदो मेजेदोविच या गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींचे एक गीत त्याच्यासाठी सांगितले. पॅरीचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने 1960 च्या 'गाथांचा गायक' या ग्रंथात या साऱ्या सामग्रीवर गायकाच्या रचनापद्धतीचा सिद्धांत उभारला. गायक पाठ म्हणत नाही, गाता गाता रचतो, हे त्याने सिद्ध केले. मात्र त्या दीर्घ गीताची लांबी ही कॉफीगृहातील श्रोत्यांची देणगी नव्हती. तेथे माणसे येतात, जातात, कंटाळतात आणि गायक आवरते घेतो. न कंटाळणारा, दिवसामागून दिवस सांगावयास लावणारा, शब्द न् शब्द उतरवून घेणारा श्रोता अवदोला प्रथमच मिळाला, आणि त्या श्रोत्याच्या मापाने गीत वाढले. ही फसवणूक नव्हे. अवदोच्या प्रतिभेचा तो खराच आविष्कार होता. पण त्यात संग्राहकही सहकर्ता आहे हे मान्य केल्याशिवाय त्या महाकाव्याचे वाचन पुरे होत नाही.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण शामराव हिवाळे यांचे. मराठी घरातून आलेला हा माणूस व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर 1932 साली मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गेला आणि गोंडांत रमला. दोघांनी मिळून 1935 साली गोंडांच्या काव्याचा आणि 1944 साली मैकल टेकड्यांतील गीतांचा संग्रह इंग्रजीत सिद्ध केला. 1946 साली एल्विन यांचा छत्तीसगढच्या लोकगीतांचा ग्रंथ आला. या ग्रंथांतील भाषांतरे नितळ आहेत, कित्येक ठिकाणी ती सुंदर आहेत, आणि नेमके तेथेच ती संशयास्पद होतात. एखाद्या चिनी किंवा जपानी लघुकाव्यासारखी ती पानावर एकाकी उभी राहतात. ज्या करमा नाचात एका रांगेने विचारावे आणि दुसरीने उत्तर द्यावे, त्यातील उत्तर देणारी रांग इंग्रजी पानावर कुठेच नसते. गीत प्रश्नोत्तरातून सुटले आणि कविता झाले.

हिवाळे यांचा स्वतःचा 1946 चा ग्रंथ मात्र याला मोठा अपवाद ठरतो. तो परधानांवर आहे. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य घेऊन आपल्या गोंड यजमानाच्या दारी जाणारे, त्याच्या कुळाची आणि पांडवांची गाणी गाणारे. हिवाळे यांनी येथे गीतापेक्षा गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्याला प्राधान्य दिले : यजमान कोण, देणे काय, रुसवा कशाचा, अपमान झाला तर काय होते. लोकगीताच्या श्रोत्याचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्या काळच्या मराठी लोकसाहित्यविचारात दिसत नाही. आणि तो केला एका मराठी माणसाने, इंग्रजीतून. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले ते हिंदीतून. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलुखाशी मराठ्यांचा संबंध आहे, पण तेथील गाण्याविषयी मराठी माणसांनी जे जाणले ते मराठीत फारसे आलेच नाही. पुढे यजमान दुबळे झाले, बाना मुका होऊ लागला, आणि 1980 नंतर पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून परधानांची प्रतिभा भोपाळच्या भारत भवनाच्या आश्रयाने चित्रांत वळली. एल्विन आणि हिवाळे राहिले होते ते हेच पाटनगढ. श्रोता नाहीसा झाला तेव्हा या गायककुळाने पाहणारा शोधला.

मराठीतील संग्रहाकडे वळले की जात्यावरच्या ओवीशी गाठ पडते. ओवीचा श्रोता कोण? तिला रागी नाही, झीलकरी नाही. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावणारी जाऊ किंवा शेजारीण, अर्धवट जागे झालेले मूल, आणि समोर नसलेला भाऊ किंवा पंढरीचा विठ्ठल, एवढाच तिचा परिवार. ती ऐकविण्यासाठी नसते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमविल्या तेव्हा त्यांनी त्यांना माता, बहीण-भाऊ, सासर-माहेर अशा प्रकरणांत ओवले आणि मधूनमधून स्वतःचे हळवे निरूपण घातले. त्या ग्रंथाने सुशिक्षित मराठी मनाला ओवी प्रिय केली, हे ऋण मोठे आहे. पण त्यात गाणाऱ्या स्त्रीचे नाव गेले आणि एक सर्वसाधारण 'मराठी स्त्री' गाऊ लागली. श्रोत्याच्या रिकाम्या जागी गुरुजींचा सद्गदित आवाज बसला. दुर्गा भागवत यांनी 1956 च्या 'लोकसाहित्याची रूपरेषा'त शास्त्रीय शिस्त आणली. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने खंडामागून खंड काढले. संहितेची काळजी वाढली, आवाज मात्र दूरच राहिला. अशोक रानडे यांना 1975 साली 'लोकसंगीतशास्त्र' लिहावे लागले यातच या उणिवेची कबुली आहे.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेला ओव्यांचा संग्रह या परंपरेपासून एका साध्या गोष्टीने वेगळा होतो. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या भांडारात ओवीला गाव आहे आणि गाणाऱ्या बाईचे नाव आहे. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने काहींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि 2017 पासून ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहाने त्या लोकांपुढे ठेवावयास आरंभ केला. गिरणी आल्यावर जाते बंद पडले होते. स्त्रियांनी या ओव्या बहुधा आठवून म्हटल्या, कधी केवळ संग्राहकांसाठी जाते फिरवून म्हटल्या. म्हणजे अवदोप्रमाणे येथेही ऐकणारा नवाच होता. फरक असा की येथील संग्राहक गरीब डोंगरी भागातील स्त्रियांच्या संघटनेतून आले होते, आणि एका बाईची ओवी ऐकून दुसरीला आपली आठवावी अशी बैठक त्यांनी साधली. जात्याच्या दुसऱ्या खुंट्याची जागा त्यांनी पूर्ण नाही तरी काही अंशी भरून काढली. सौंदर्यदृष्टीने पाहता हा संग्रह 'स्त्री जीवन'इतका गोड नाही. त्यात पुनरुक्ती आहे, रखरखीतपणा आहे, सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत तर नुसता राग आहे. हा राग निरूपणाने मऊ केलेला नाही, हेच त्याचे मोल.

गीत परत नेण्याचे प्रयत्न याहून विरळा. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके याने 1938 साली दक्षिण भारतात केलेली ध्वनिमुद्रणे घेऊन नाझिर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन 1984 साली त्याच मार्गाने पुन्हा हिंडले, गायक आणि त्यांचे वंशज शोधीत आणि त्यांना ते जुने आवाज ऐकवीत. सेहेचाळीस वर्षे जे आवाज केवळ विद्वानांच्या कपाटात होते ते मूळ श्रोत्यांच्या कानी पडले. लोकसंगीत 'जगापर्यंत पोहोचविणे' या शब्दप्रयोगात जग म्हणजे नेहमी दूरचेच का असावे, हा प्रश्न त्या प्रवासाने उपस्थित केला.

भिलाईत याचे उत्तर वेगळ्या रीतीने मिळते. कारखान्याने छत्तीसगढी लोककलेचे महोत्सव भरविले आणि तीजनबाईंना नोकरी दिली. यजमानाची जागा परधानांच्या गोंडाऐवजी पोलादाने घेतली. पण पंडवानीचा घरचा श्रोताही गप्प बसलेला नव्हता. भिलाईच्याच उषा बारले, ज्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी पंडवानीच्या घाटात गुरू घासीदासांचे चरित्र गायिले. सतनामी श्रोत्याला आपला गुरू या घाटात ऐकावयाचा होता. घाट तोच राहिला, तंबुराही तोच राहिला, कथा मात्र पांडवांची राहिली नाही. बाहेरच्या समीक्षकाला येथे परंपरेपासून ढळल्याचा भास होईल, कारण त्याने पंडवानीची व्याख्या कथेवरून केली आहे. तंबुऱ्याशेजारी बसून हां भरणाऱ्या रागीला तसे वाटण्याचे काही कारण दिसत नाही.